वय विचारता, तसं चालणंही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकात ‘ज्येष्ठांसाठी खास युरोप : १२ दिवस, ८ देश’ अशी जाहिरात होती आणि तिच्या शेजारीच साठीनंतरच्या प्रवासावर लेख होता. लेखात गुडघ्याचे पट्टे, व्हीलचेअर, मऊ भात, दुपारची झोप अशा सगळ्या गोष्टींची काळजी घेतली होती. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती हवीच. पण म्हातारपणीही ज्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांच्यासाठी त्या पूर्ण पानात एक ओळ नव्हती. आमच्याकडे खेड्यात अशी माणसं घरोघरी आहेत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी चांदूर बाजार तालुक्यातली, वय ६७. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं. यजमान ७० वर्षांचे, शेती संत्र्याची, बाकी सोयाबीन आणि तूर. ते अजूनही साडेपाचला वावरात जातात आणि धुरेधुरे फिरून परत येईपर्यंत त्यांचे पाच-सहा किलोमीटर सहज होतात. नणंदबाई ६४ च्या, दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात दिलेल्या. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं शेती सांभाळली, कपाशी वेचायला आजही बायांच्या पातीला पात लावून जातात आणि दरवर्षी शेगावला पायी जातात. आम्हा तिघांना मिळून बीपीच्या दोन गोळ्या आणि नणंदबाईंची साखर, एवढाच आजारांचा हिशेब.

२०२३ च्या मे महिन्यात मी आणि यजमान एका टूर कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांचीही पद्धत तीच आहे. सहलवाल्यांच्या भाषेत तिला ‘सहा-सात-आठ’ म्हणतात : सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस. हॉटेल गावापासून लांब, महामार्गाच्या कडेला. आठ देशांत व्हॅटिकनही धरलेला आणि लिख्टेनस्टाइनही. व्हॅटिकनचं क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर, आमच्या गावचं शिवार त्याहून कितीतरी मोठं आहे. लिख्टेनस्टाइनमध्ये आम्ही पाऊण तास होतो, त्यातला अर्धा वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. स्वित्झर्लंडमध्ये एका ठिकाणी गाइडनं सांगितलं, “पुढे थोडं चालायचं आहे. साठीच्या वरच्यांनी बसमध्येच थांबा, आपण वेळेत आहोत.” यजमान खाली उतरून उभे राहिले. म्हणाले, “पाय धड हायेत माहे, बसमंदी कायले बसू?” तरी त्यांना परत वर बसवलं. पंचवीस जणांसमोर त्यांना असं बसवलं गेलं, ते मला अजूनही बोचतं. काचेतून ती हिरवी उतरण दिसत होती आणि आम्ही दोघं एसीत बसून होतो.

त्याच प्रवासात मला एक गोष्ट कळली. युरोपात बस चालवणाऱ्याला दिवसाला साधारण नऊच तास चालवण्याची मुभा असते आणि साडेचार तासांनंतर पाऊण तासाची विश्रांती कायद्यानंच द्यावी लागते. कंपनीनं या नऊ तासांचा मिनिट-मिनिट वापरला होता. म्हणजे आमचा कार्यक्रम बसच्या कायद्यावरून आखलेला होता. आमच्या पायांचा, झोपेचा, लघवीचा, पाहण्याच्या इच्छेचा त्यात विचारच नव्हता. घरी आल्यावर अल्बममधल्या निम्म्या फोटोंची गावं आम्हाला सांगता येईनात.

तेव्हाच ठरवलं की पुन्हा गेलो तर आपलं आपण जायचं, देश कमी, दिवस जास्त, आणि चालायचं. २०२५ च्या सप्टेंबरात आम्ही तिघं गेलो. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, इटली, तीनच देश, तेरा रात्री. पुण्यातल्या भाच्यानं तिकिटं काढायला मदत केली. आखणी मात्र जेवणाच्या टेबलावर वहीत, माझ्या हातची.

सगळ्यात आधी दिवस शोधावे लागले. शेतकऱ्याला सुट्टी पंचांग आणि पीक दोघं मिळून देतात. मे महिना मोकळा असतो, पण मे महिन्यात आल्प्सच्या वरच्या पायवाटा बर्फाखाली असतात. तिथे डोंगरात चालायचे खरे दिवस जूनअखेर ते सप्टेंबर, आणि जून-जुलै म्हणजे आमची पेरणी, डवरणी. पोळा झाला की पाऊस भोळा होतो म्हणतात. २०२५ मध्ये पोळा ऑगस्टमध्ये आला, २ सप्टेंबरला महालक्ष्म्या उठल्या, सोयाबीन काढायला महिनाअखेर होती. मध्ये जो मोकळा तुकडा उरला तो नेमका पितृपक्षाचा. शेजारच्या काकूंनी तोंडावर सांगितलं की पितरांच्या दिवसांत कोणी फिरायला जात नाही. मी म्हटलं, सासऱ्यांचं पान सर्वपित्रीला वाढणार आहे, आणि सर्वपित्री २१ तारखेला आहे. २१ ला सकाळी बडनेऱ्याला उतरलो आणि दुपारी पान वाढलं. बागेत त्या दिवसांत फळगळ असते, तिची चिंता यजमानांना होतीच. मुलगा रोज संध्याकाळी फोनवर झाडाखालची गळ दाखवायचा, ते पाहून यांना झोप लागायची.

कागदांबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण खेड्यातली माणसं इथेच माघार घेतात.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्यवस्थेत आहे. त्यामुळे तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा लागतो. जिथे जास्त रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. आमच्या सहा रात्री स्वित्झर्लंडात होत्या, म्हणून अर्ज तिकडे. शुल्क ९० युरो. अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आम्ही जूनमध्येच केला. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. विमा घेताना बीपी, साखर लपवू नका. प्रीमियम वाढतो, पण लपवलेल्या आजारावर दावा नाकारला तर परदेशात दवाखान्याचं बिल कोण भरणार?

आता उत्पन्नाचा पुरावा. व्हिसाच्या कागदांत आयकराची विवरणपत्रं मागतात. माझ्या पेन्शनचं सगळं कागदावर आहे, मला अडचण आली नाही. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आमच्या भागातल्या कित्येक चांगल्या बागायतदारांनी आयुष्यात विवरणपत्र भरलेलं नाही. अमरावतीच्या एका एजंटानं यजमानांची फाइल उघडलीसुद्धा नाही. “रिटर्न नाही? मग काका, शिमल्याला जा ना.” आम्ही उठून आलो. नंतर सातबारा आणि आठ-अ चे उतारे, बाजार समितीच्या हिशोबपट्ट्या आणि बँकेचं विवरण जोडलं, मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि शेतीचं उत्पन्न करमुक्त का असतं ते एका पानात लिहून दिलं. व्हिसा मिळाला. पण बागायतदार बंधूंना माझं एक सांगणं आहे. आपल्याकडे बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली जाते आणि पैसा पुष्कळदा रोख येतो. रोख पैसा कुठल्याच कागदावर दिसत नाही. परदेशी जायचं मनात असेल तर दोन हंगाम आधीपासून रक्कम खात्यावर घ्या. आणि कंपनीच्या सहलीला गेलात तर पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो, तो विवरणपत्र भरून परत मागता येतो. २०२३ चा यांचा टीसीएस आम्ही मागितलाच नाही, कारण कोणी सांगितलंच नाही.

नावांचा घोळ वेगळाच. यजमानांच्या आधारवर नावापुढे ‘राव’ आहे, सातबाऱ्यावर नाही, शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. जन्मतारीख १ जुलै, जशी आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली. त्यांचा पासपोर्ट २०२३ च्या वेळीच या ‘राव’पायी रखडला होता. या वेळी नणंदबाईंचं नाव माहेरचं एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. आधी आधार दुरुस्त करून घेतलं, मग पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेलो. साठीच्या वरच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत असते, तेवढाच दिलासा.

आणि बोटं. व्हिसासाठी दहाही बोटांचे ठसे द्यायला आम्ही मुंबईला गेलो. माझे झाले. नणंदबाईंनी काचेवर चार बोटं ठेवली, यंत्रानं नाकारली. पुन्हा ठेवली, पुन्हा नाही. चाळीस वर्षं कपाशीची बोंडं वेचलेली बोटं ती. बोंडाच्या वाळल्या टोकांनी कातडीवर बारीक उभ्या चिरा पडतात, त्या भरतात आणि पुन्हा पडतात. ठशाच्या रेषा त्यात हरवून जातात. राशनच्या दुकानातही त्यांचा अंगठा लागत नाही. खिडकीतली मुलगी चांगली होती. तिनं ओला रुमाल दिला, बोटं चोळायला लावली, एकेक बोट स्वतःच्या हातानं दाबून धरलं. सातव्या का आठव्या वेळी दिवा हिरवा झाला तेव्हा नणंदबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाल्या, “वयनी, माया हातानं मलेच अडवलं असतं व.” जे शेतात राबतात त्यांनी ठसे द्यायच्या आधी पंधरा दिवस रात्री बोटांना खोबरेल लावून झोपावं, आणि शक्यतो वेचणीच्या हंगामात ही तारीख घेऊ नये. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवरही शिक्क्याच्या जागी ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली आहे, म्हणजे व्हिसाच्या वेळचे ठसे जुळवायला बोटं तिथेही लागू शकतात.

तयारी म्हणून एप्रिलपासून रोज सकाळी कालव्याच्या रस्त्यानं चाललो. सपाटीवर आम्ही कितीही चालू, पण चढउताराचं काय? म्हणून जुलैत दोनदा चिखलदऱ्याला जाऊन राहिलो, गाविलगड चढलो-उतरलो. तिथेच कळलं की चढताना यजमानांना धाप लागत नाही, पण उतरताना नणंदबाईंचा उजवा गुडघा कुरकुरतो. हे घरी कळलं म्हणून बरं. मग वहीत नियम लिहिला, वर जायचं तर पायी चालेल, खाली यायला शक्यतो रोपवे किंवा रेल्वे. बूट दोन महिने आधी घेऊन रोज घातले. दात तपासून घेतले. डॉक्टरांनी हृदयाची तपासणी केली आणि सांगितलं की युंगफ्राउयोखला, म्हणजे ३,४५४ मीटरवर जाऊ नका, गरज काय? चिखलदरा सुमारे ११०० मीटर. आम्ही २००० च्या आसपास राहिलो आणि आमचं काहीच अडलं नाही. तिकिटाचे पैसेही वाचले.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, परतीनंतरच्या आठवड्यापर्यंतची जास्तीची, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह इंग्रजीत. सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, तेव्हा साखरेच्या गोळीची वेळ कशी सरकवायची ते आधीच विचारून घेतलं.

स्वित्झर्लंडात लाउटरब्रुनेनच्या दरीत स्वयंपाकघर असलेली दोन खोल्यांची जागा घेतली आणि सहा रात्री तिथून हललो नाही. बॅग एकदा उघडली ती सहा दिवसांनी बांधली. म्हाताऱ्या माणसाला यासारखं सुख नाही. ज्वारीचं पीठ, बेसन आणि तिखट नेलं होतं. भाकरी, झुणका रोज संध्याकाळी. तूप, पेढे, खवा मात्र नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. फळांमध्ये केळी, नारळ, अननस, खजूर असली मोजकी सोडली तर बाकीच्यांना युरोपीय संघात रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे संत्र्याच्या दिवसांत जाणाऱ्यांनी बागेतली संत्री सोबत घेऊ नयेत. आमच्या एका नातेवाइकांना विमानतळावर सगळी टाकून द्यावी लागली होती.

तिथल्या पायवाटांबद्दल किती सांगू? देशभर ६५,००० किलोमीटर खुणा केलेल्या वाटा आहेत. पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगराची, पांढरी-निळी-पांढरी आपल्यासाठी नाहीच. आणि पाटीवर किलोमीटर नसतात, किती तास-मिनिटं लागतील ते लिहिलेलं असतं. आमच्याकडेही जुनी माणसं “घंटाभराची वाट हाये” असंच सांगतात. पहिल्या दिवशी पाटीवरचा वेळ आणि आमचा वेळ वहीत लिहिला. आमचा दीडपट निघाला. मग रोज पाटी पाहून दीडपट धरायचं, एवढं सोपं गणित झालं.

ग्रुट्शाल्पहून म्युरेनला जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे, छोट्या रेल्वेच्या कडेनं, समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं. गाव १,६३८ मीटरवर, गावात गाड्या जवळपास नाहीतच. त्या वाटेवर गाई चरत होत्या, गळ्यात एवढाल्या घंटा. नणंदबाई कुंपणाशी गेल्या, एका गाईनं मान पुढे केली आणि यांनी तिच्या गळकंबळाखाली खाजवायला सुरुवात केली. दहा मिनिटं. गाय डोळे मिटून उभी. आमची वाट अडली, पण त्या दिवशी दुसरं काही ठेवलंच नव्हतं. बसवाला हॉर्न देत नव्हता. नणंदबाईंनी मला विचारलं, “वयनी, यायचा पोळा कवा असते?”

मला उत्तर माहीत नव्हतं. ते चार दिवसांनी ऑस्ट्रियात मिळालं. टिरोलमध्ये उन्हाळाभर डोंगरावर चरायला ठेवलेली जनावरं सप्टेंबरात खाली गावात आणतात, त्याला आल्मआबट्रीब म्हणतात. इन्सब्रुकला आमच्या घरमालकिणीनं सांगितलं आणि शनिवारी, १३ तारखेला, आम्ही बसनं एका गावात गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, पोरं बापाच्या खांद्यावर, आणि वरून घंटांचा आवाज. गाईंच्या डोक्यावर फुलांचे आणि डहाळ्यांचे मुकुट, कपाळावर आरसे, गळ्यात पितळेच्या मोठ्या घंटा. त्या वर्षी डोंगरावर जनावर दगावलं असेल किंवा घरात मृत्यू झाला असेल तर गाई सजवत नाहीत, असं तिनं सांगितलं. नणंदबाईंनी ते ऐकलं आणि गप्प झाल्या. ज्या वर्षी त्यांचे यजमान गेले, त्या वर्षी त्यांच्या बैलजोडीलाही झूल-बाशिंग चढलं नव्हतं. मग एका म्हाताऱ्या गुराख्याला त्यांनी मोबाइलवर आमच्या पोळ्याचा फोटो दाखवला, त्यानं चष्मा काढून तो जवळून पाहिला, बैलाच्या शिंगांवरच्या बेगडावर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलला. त्याची भाषा आम्हाला येत नव्हती. दोघंही बराच वेळ मान हलवत उभे होते.

‘१२ दिवस ८ देश’मध्ये हे बसू शकत नाही. सगळा कार्यक्रम भरलेला असेल तर घरमालकिणीनं आयत्या वेळी सांगितलेल्या गावाला जाणार कसं? म्हणून मी दर चार दिवसांत एक दिवस कोराच ठेवला होता. गाव बदलायच्या दिवशीही दुसरं काही नाही. लाउटरब्रुनेनहून इन्सब्रुकला गाड्या बदलत दिवस गेला, वाटेत १८८४ सालचा आर्लबर्गचा बोगदा लागला. यजमान खिडकीशी बसून गवत कापायची यंत्रं मोजत होते. इन्सब्रुकहून इटलीत उतरणारी ब्रेनर खिंडीची रेल्वे १८६७ सालची, आपल्या बोरघाटानंतर चारच वर्षांनी झालेली. वहीत या तारखा लिहिताना शाळेचा फळाच आठवला.

चूकही झाली. इन्सब्रुकजवळ झिर्बेनवेग नावाची सुमारे सात किलोमीटरची वाट आहे, २००० मीटरच्या आसपास, जुन्या पाइन वृक्षांमधून जाणारी. एका बाजूनं रोपवेनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं. मी वाटेचा वेळ काढला होता, पण पलीकडच्या रोपवेची शेवटची फेरी किती वाजता ते पाहिलंच नाही. झाडाखाली डबा उघडून निवांत बसलो. पोचलो तेव्हा फेरी बंद व्हायला दहा मिनिटं होती. चुकली असती तर नणंदबाईंच्या त्या गुडघ्यानं हजार मीटर उतरावं लागलं असतं. तेव्हापासून वहीत सगळ्यात वर, लाल शाईनं, खाली उतरायची शेवटची वेळ. आणि अडचण आलीच तर ११२ हा नंबर तिथेही चालतो.

व्हेनिसबद्दल सगळेच लिहितात. मी फक्त बॅगेबद्दल लिहिते. तिथे चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बॅगेची चाकं पायऱ्यांवर कामाची नाहीत, बॅग उचलावीच लागते. आमच्या बॅगा आम्ही घरीच काट्यावर ठेवून बारा किलोच्या आत बसवल्या होत्या आणि बोटीच्या धक्क्यापासून एकही पूल न ओलांडता पोचता येईल अशीच खोली निवडली होती. समोर एक पंचाहत्तरीचं जोडपं, भारतीयच, दोन मोठ्या सुटकेसा घेऊन पुलाच्या मध्यावर दमून बसलं होतं. यजमान आणि मी त्यांच्या बॅगा पलीकडे नेऊन दिल्या. त्यांच्या मुलानं हॉटेल आखलं होतं आणि पूल नकाशावर पाहिले नव्हते.

खर्च माणशी पावणेतीन लाखांच्या आत झाला. स्वित्झर्लंडात महिनाभराचं अर्ध्या भाड्याचं कार्ड घेतलं. आपल्या एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून ते नणंदबाईंना लगेच समजलं. २०२३ च्या सहलीपेक्षा थोडे जास्त गेले, पण तेव्हा आम्ही काय पाहिलं होतं?

आपल्या पर्यटन पानावर जाहिराती देणाऱ्या मंडळींकडे, विशेषतः अमरावती-नागपूरच्या सहल आयोजकांकडे, माझं कळकळीचं मागणं आहे. जाहिरातीत देशांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापता, तसं रोज बसमध्ये किती तास, रोज चालणं किती, चढ किती, पायऱ्या किती आणि एका गावात रात्री किती, हेही छापा. फॉर्मवर वय विचारता, तसं एका दमात किती चालता हेही विचारा. ज्याला चालता येत नाही त्याला बसवा, पण ज्याला येतं त्याला केवळ पांढऱ्या केसांसाठी बसमध्ये बसवून ठेवू नका. आणि शहरातल्या मुलामुलींनो, आईवडिलांना सहल भेट द्यायची असेल तर तिकीट काढण्याआधी एक दिवस त्यांच्याबरोबर वावरात चाला. ते कुठे थांबतात, कुठे बसतात, किती पाणी पितात, ते पाहा. मग आखा.

आपल्याकडेही एक विनंती आहे. शेतकऱ्याच्या व्हिसासाठी कोणते कागद चालतात, सातबाऱ्याचं भाषांतर कसं करायचं, नावातला फरक कसा दुरुस्त करायचा, यावर एखादं पान मराठीत छापा. माझ्याकडची वही मी द्यायला तयार आहे.

या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पोळा, गणपती, महालक्ष्म्या सगळे सप्टेंबरात सरकतात आणि पितृपक्ष नेमका सोयाबीनच्या सोंगणीवर येतो. त्यामुळे सप्टेंबर नाही. अंबिया बहारासाठी, म्हणजे संत्र्याच्या एका फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात बागेला ताण देतो, तेव्हा ओलित बंद असतं, ते दिवस आम्ही धरले आहेत. व्हिएतनाम आणि कंबोडिया, दोनच देश. व्हिएतनामचा व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, त्यासाठी मुंबईची खेप नाही. अंगकोरच्या देवळांच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, त्यातल्या कोणत्या नणंदबाईंनी चढायच्या आणि कोणत्या खालूनच पाहायच्या, ते सध्या वहीत चाललं आहे. त्यांच्या भजनी मंडळातल्या दोघी यायच्या म्हणतात. एक ६१ ची, एक ६८ ची, दोघींचेही पासपोर्ट नाहीत. पासपोर्टलाही ठसे लागतात, म्हणून परवा नणंदबाईंनी दोघींच्या घरी खोबरेलाची बाटली नेऊन दिली.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
ता. चांदूर बाजार, जि. अमरावती